भूमितीचं पुस्तक आणि घागऱ्याचा घेर

वाचकाला कारण विचारणं हा अपमान आहे, हे वाक्य माझं. आमच्या वाचनालयाच्या पत्रकावर ते जाड ठशात छापलेलं आहे. का नसावं? शाळेत असताना बुलडाण्याच्या याच वाचनालयात मी कायद्याचं पुस्तक मागितलं, तर टेबलावरच्या माणसानं 'तुले काऊन पाह्यजे?' म्हणत सगळ्या हॉलला हसवलं होतं. म्हणून वाचनालयाची मोबाइलवरची चॅटसेवा माझ्या हाती आली, तेव्हा फॉर्ममधला 'कशासाठी हवे' हा रकाना मी पहिल्याच दिवशी उडवला. क्रांतीच ती.

मग एका दुपारी धाड गावच्या एका ताईंचा मेसेज आला : 'भूमितीचे पुस्तक पाठवा. अर्जंट. उद्या काम आहे.'

झालं, माझं डोकं पेटलं. लग्नापायी शाळा सोडवलेली बाई, दहावीला बसलेली, उद्या पेपर! सगळं मीच ठरवलं. दहावीच्या पुस्तकाची पानं धडाधड पाठवली, वर 'शिक्षण हा तुमचा हक्क' यावर चार परिच्छेद.

ताईंचा व्हॉइस मेसेज आला, "बाई, हे तं पोरांचं पुस्तक. मले गोल पाह्यजे."

मी वर्तुळाचा अख्खा धडा पाठवला, स्पर्शिकेसकट.

"तुम्ही हुशार असान, पण मी रडकुंडीले आली आता."

समोर ग्रंथपाल काका फाटक्या पुस्तकांना डिंक लावत होते. "काऊन पाह्यजे, थे विचारलं का तिले?"

"आपण ते विचारत नाही, काका."

"तं मंग समजते कसं? हसासाठी नको विचारू, मदतीसाठी विचार."

माझंच वाक्य गिळून मी विचारलं. ताई शिवणकाम करत होत्या. नवरीचा घागरा, छत्रीसारखा गोल घेर, कंबर अठ्ठावीस. कापड एकच, नवरीच्या मामानं आणलेलं, सकाळी कात्री लावायची. "मधातलं भोक जास्त कापलं गेलं तं घागरा पायात, अन् माह्याकडे कोणी चिंधी बी शिवाले देणार नाही."

भोकाची त्रिज्या काढायला अठ्ठावीसला दोन पायनं, म्हणजे सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांशानं भागलं : साडेचार इंचाला जरा कमी. काकांनी जुन्या पेपरची चौघडी केली, घडीच्या बंद कोपऱ्यापासून तेवढं मोजून तो गोलाईत कापला आणि उलगडून मला म्हणाले, "घाल." माझीही कंबर अठ्ठावीसच. पेपर डोक्यावरून उतरवताना शेअरबाजाराचं पान फाटलं, पण चीर जुळवल्यावर कमरेला बरोबर बसला. त्या अवतारात फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, 'आधी चारच इंचावर कापा. कमी पडलं तर वाढवता येतं.'

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ आला. अंगणात नवरी गरगर फिरतेय, घागरा खरंच छत्रीसारखा उघडलाय आणि मागून ताई म्हणतायत, "बसला, बाई. घेर बी, कंबर बी."

काकांनी तो तीनदा पाहिला. मी तर खुर्चीवरच उभी राहिले. तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला, ताईंच्याच शेजारणीचा मेसेज : 'वजनकाट्याचे पुस्तक आहे का?'

मी उडी मारून खाली उतरले आणि विचारलं, "मावशी, कायच्यासाठी पाह्यजे?"