डाव्या घोड्याची बाजू

त्या दिवसाचा विषय घरात निघाला की सगळे एकच म्हणायचे, "फुलांनी झाकलेले घोडे, चूक कोणाचीही झाली असती." मी मान खाली घालून ऐकत बसे. पण मी चुकलो नव्हतो. दोन पांढऱ्या घोड्यांतला डावा कोणता आणि उजवा कोणता, हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. मी ओळखून, मुद्दाम त्यांच्या बाजू बदलल्या. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची चार लोकांत फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं.

आमचा टांग्याचा धंदा. आधी वडील, मग मी, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर टांगा लावायचो. ऐंशी साल उलटलं तसं स्टँडवर रिक्षा वाढल्या आणि उतारू टांग्याकडे बघेनासे झाले. वडिलांनी ओळखलं की टांग्याचे दिवस भरले. पण वरातीसाठी दोन घोड्यांची बग्गी आमच्या भागात कोणाकडे नव्हती. त्यांनी घाटावरून एक जुनी बग्गी आणली, तिला रंग दिला आणि दोन पांढरे तरणे घोडे घेतले. दोघे इतके सारखे, की डाव्याच्या कानामागचा तांबूस ठिपका सोडला तर परक्याला फरक कळायचा नाही.

ते घोडे मीच तयार करणार, हे मी धरूनच चाललो होतो. चाळिशीला आलो होतो, अर्धं आयुष्य लगाम हातात धरण्यात गेलं होतं. पण वडील माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जोडी तुला नाय जमायची. तू एका घोड्याचा माणूस. जावयाला बोलावतो."

जावई कोल्हापूरकडचा. लहानपणापासून घोड्यांच्या पागेत वाढलेला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, अंगाने सडसडीत, आवाज खणखणीत, स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसणारा. तो मला 'दादा' म्हणायचा आणि मी, वयाने मोठा असूनही, त्याला 'जावईबापू' आणि 'तुम्ही'. रीतच तशी. बहिणीसकट तो आमच्याकडे राहायला आला आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या टांगेवाल्यांकडून मला ऐकायला मिळालं.

"काय रे, घाटी जावई आणलात म्हणे घोडे शिकवायला?"

"मग हा काय करणार?"

"हा लीद उचलणार! कोणीतरी नको?"

मीही हसलो. हसण्यावाचून दुसरं काय करणार होतो?

घरी जेवताना सुरमईची मधली तुकडी पूर्वी माझ्या ताटात यायची. ती आता जावयाच्या ताटात जाऊ लागली आणि मला शेपटाकडची. आई बिचारी रीत पाळत होती. मी मात्र मुकाट्याने काटे काढत तुकडीचा हिशेब करायचो. एवढ्या वयाचा माणूस माशाच्या तुकडीवरून जळतो, हे लिहितानाही लाज वाटते. पण जळत होतो हे खरं.

आणि काम त्याला येत होतं. येत नसतं तर माझं सोपं झालं असतं.

ओहोटी असली की तो घोडे भाट्याच्या किनाऱ्यावर न्यायचा. ओली वाळू घट्ट असते, टापांचा आवाज होत नाही, आणि घोडा उधळलाच तर आपटायला भिंत नाही. सुरुवातीला गाडी नाहीच. दोघांना नुसते शेजारी बांधून तो मागून लांब लगाम धरून चालायचा. मग त्यांच्यामागे एक ओंडका ओढायला लावला, मग रिकामी बग्गी. मी सोबत असायचो, पट्टे आवळायला, घोडे धरायला. थोडक्यात, त्याचा मोतद्दार म्हणून.

हॉर्नला घोडे बुजू नयेत म्हणून त्याने जे केलं ते मला सर्वांत जास्त लागलं. आमच्या धंद्याच्या मुळावर आलेल्या रिक्षावाल्यांपैकीच एकाशी त्याने दोस्ती केली. घोड्यांच्या तोंडाला चंदीचे तोबरे, म्हणजे दाण्याच्या पिशव्या, लावले की हा रिक्षावाला तबेल्याच्या दारात रिक्षा उभी करून हॉर्न वाजवायचा. पहिल्या दिवशी घोड्यांनी दावी तोडायची बाकी ठेवली. काही आठवड्यांनी हॉर्न वाजला की दोघे तोंडाला पाणी सुटल्यासारखे मान वळवून तोबरा शोधू लागले. वडील तबेल्याच्या पायरीवर बसून हे बघत होते. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास रे वाघा!"

माझ्या सगळ्या आयुष्यात वडिलांच्या तोंडून मला 'शाब्बास' मिळालेलं आठवत नाही. पावसाळ्यात पाणी वाहणाऱ्या चढावर टांगा वाचवून आणला होता, तेव्हाही ते "चाकाला वंगण दे" एवढंच म्हणाले होते.

त्याने घोड्यांना नावं ठेवली नाहीत. एकाला 'डाव्या' म्हणायचा, दुसऱ्याला 'उजव्या'. एकदा भाट्याच्या पुलाजवळ घोड्यांना दम खाऊ देत असताना मी विचारलं, "हे असं का?"

"दादा, तुमच्याकडं भाताला बैल जुंपतात न्हवं? डाव्या अंगाचा बैल उजव्या अंगाला जुंपला तर चालंल?"

"नाही चालणार. अडून बसेल."

"मग घोडं बी तसंच. आन् ह्यात आणि एक गंमत हाय बघा." तो डाव्याच्या मानेवर हात फिरवत होता. "ह्यो भित्रा हाय. त्यो उजव्या धीट. आपल्याकडं गाड्या आपल्याला उजवीकडनं मागं टाकत्यात. म्हणून धिटाला तिकडं ठेवायचा, भिंतीसारखा. भित्र्यानं त्याच्या आडोशानं चालायचं. त्याला एस्टी दिसायचीच न्हाई, नुसता दोस्ताचा खांदा दिसंल. ह्यांच्या बाजू बदला आणि मग बघा तमाशा!"

असं म्हणून तो हसला. आपली विद्या त्याने अशी सहज, न मागता, माझ्या हातात दिली. तीच मी त्याच्यावर वापरली.

तबेल्यात शिरताना तो एक लांब शीळ घालायचा आणि दोन्ही घोडे खिंकाळायचे. एके दुपारी घरात कोणी नसताना मी तबेल्याच्या दारात उभा राहून तशीच शीळ घातली. मला येत होती, मी लपून सराव केला होता. डाव्याने कान हलवला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. उजव्याने तेवढीही तसदी घेतली नाही.

चैत्रापर्यंत जोडी शहरात चालू लागली. मासळीचे ट्रक, ताडपत्रीची फडफड, गोखले नाक्यावरची गर्दी, कशालाच घोडे बुजत नव्हते. भरल्या बाजारातून ते एका तालात जाताना लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघायचे. बघायचे ते त्याच्याकडे. मी बग्गीच्या मागच्या पायरीवर उभा असायचो.

वैशाखात वरातीचं पहिलं काम आलं. नवरदेवाला गावातून थेट मांडवापर्यंत न्यायचं होतं. दुपारची वेळ. सकाळपासून घर सणासारखं. आईने जावयाला ओवाळायचं ठरवलं होतं, वडिलांनी फेटा आणला होता. एरवी घोड्याच्या अंगावरचा पट्टान् पट्टा तो स्वतः बांधायचा. त्या दिवशीही तो बाह्या सावरून तबेल्याकडे निघाला, तर वडिलांनी त्याला हाताला धरून थांबवलं.

"आज जावयाने घोड्याला हात लावायचा नाय. आज तुमचा मान." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तो आहे ना. तो जुंपेल."

शब्द साधेच होते. पण मी तबेल्यात गेलो तेव्हा माझे कान तापले होते. घरातून ओवाळणीची गडबड ऐकू येत होती, बहिणीचं हसणं ऐकू येत होतं. मी घोड्यांच्या अंगावर झुली घातल्या. कपाळावर गोंडे लावले, कानांवरून मोगऱ्याच्या माळा. कानामागचा तांबूस ठिपका माळेखाली गेला. मग मी डाव्याला धरून बग्गीच्या दांड्याकडे आणला आणि उजव्या अंगाला उभा केला. तो जरासा अडला. मी त्याला खांद्याने ढकलला. मग पट्टे नेहमीसारखेच आवळले, हेही सांगून टाकतो.

मला वाटलं होतं, घोडे अडून बसतील, लोक हसतील, वडिलांना आपण निवडलेल्या माणसाची शरम वाटेल. त्यापुढचं मी मनात येऊ दिलं नव्हतं.

तो फेटा बांधून हसत बाहेर आला. नवरदेवाकडची माणसं घाई करत होती, बँड सुरू झाला होता. तो झटक्यात वर चढला आणि लगाम हातात घेतला. मी मागच्या पायरीवर. सरळ रस्त्याला घोडे चालले, पण ताल नव्हता. तो दोनदा म्हणाला, "डाव्या, काय झालं रं?" आणि उत्तरादाखल उजवीकडचा घोडा मान उडवी. मग त्याची पाठ ताठ झाली. त्याला कळलं, हे मला मागून दिसलं. पण मागे वरात, पुढे बँड. थांबायला जागा नव्हती.

उतारावर मागून एसटी आली. हॉर्नची डाव्याला सवय होती. पण एवढं मोठं लाल धूड इतक्या जवळून, स्वतःच्या अंगाला लागून जाताना त्याने कधी बघितलं नव्हतं. तो उडाला तो डावीकडे. उजव्याला रेटत त्याने बग्गी रस्त्याकडेच्या दगडी गडग्याकडे नेली आणि चाक गटारात गेलं. नवरदेव उडी मारून बाजूला झाला, त्याला काही लागलं नाही. जावई मात्र पळण्याऐवजी घोड्यांच्या तोंडाशी धावला. एका हाताने लगाम आणि दुसऱ्याने दांडा धरून तो डाव्याला चुचकारत राहिला. बग्गी पुन्हा सरकली आणि त्याचा उजवा हात दांडा आणि गडग्याचा चिरा यांच्या मधे सापडला.

मी पायरीवरून उतरलो तेव्हा तो कळा सोसत शीळ घालत होता. तीच शीळ. आणि घोडे शांत झाले होते.

दवाखान्यातून तो हाताला पांढरं बँडेज बांधून आला. वडिलांनी विचारलं, "बाजू बदलल्या कोणी?" मी उभा होतो. मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "फुलांत वळकू आलं न्हाई दादांना. त्यांची चूक न्हाई. चढायच्या आधी मी बघाय पायजे हुतं, मीच फेट्याच्या नादात ऱ्हायलो." नंतर मला एकट्याला गाठून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नगा दादा. चुकतो माणूस."

मी म्हणालो, "हो."

तीन बोटं वाकडीच राहिली. जोडीचा लगाम बोटांच्या बेचक्यांतून धरावा लागतो, ते आता त्याला होणार नव्हतं. पाऊस लागायच्या आत तो बहिणीला घेऊन गावाला निघून गेला. जाताना तबेल्यात गेला, पण त्या दिवशी त्याने शीळ घातली नाही.

बग्गी माझ्या हातात आली. मी डाव्याला डावीकडे जुंपलं, उजव्याला उजवीकडे, आणि त्या घोड्यांनी मला पुढे कधीही त्रास दिला नाही. एसटी जवळून जायची, फटाके उडायचे, ते एका तालात चालायचे. लोक म्हणायचे, "काय घोडे तयार केलेत!" आणि वडील बाजूला असले तर म्हणायचे, "जावयाने केलेत." तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटायचा. तीन बोटं घालवून बसलेल्या माणसाचा हेवा. पश्चात्ताप आला की हेवा जातो असं मी ऐकलं होतं, तसं माझ्या बाबतीत झालं नाही. दोन्ही एकाच दांड्याला जुंपल्यासारखे बराच काळ बरोबर चालले.

घोडे पुढे म्हातारे होण्याआधीच विकले गेले. वडीलही गेले. दशक संपता संपता, बहिणीने फारच आग्रह केला म्हणून मी तिच्या गावी गेलो. जावई उसाची गाडी भरून निघायच्या तयारीत होता. डाव्या हाताने कासरा धरायला शिकला होता. आवाज तसाच खणखणीत. बैल जुंपायला मदत करावी म्हणून मी पुढे झालो. एक बैल धरून दांड्याशी आणला, तर तो शेजाऱ्यांकडे बघत ओरडला, "दादा, आता तरी बाजू बघून जुंपा हां! मागल्या खेपेला माझी तीन बोटं गेली!"

सगळे हसले. तोही हसला, सगळ्यांच्या आधी. त्यात टोमणा नव्हता. त्याच्यासाठी ती खरोखरच एक जुनी चूक होती, थट्टेत घालवण्याजोगी. मला मात्र त्या हसण्यात उभं राहवेना. मी बैलाची वेसण सोडली. तो म्हणाला, "अवो, गंमत केली दादा."

"जावईबापू," मी म्हणालो, आणि शेजारी ऐकत होते तरी थांबलो नाही, "मी त्या दिवशी चुकलो नव्हतो. डाव्या कुठला ते मला माहीत होतं. तुमचा हेवा वाटायचा, म्हणून मी मुद्दाम त्याला उजवीकडे जुंपला. तुमची बोटं माझ्यामुळे गेली. वडील असताना हे बोलायला हवं होतं, बोललो नाही. मला माफ करा."