वल्ह्यासाठी कॉलेज

रविराज ओव्हाळला वल्हवण्यातलं काडीचंही कळत नव्हतं. खडकीत वाढलेला माणूस. पुढे सगळी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये गेली. पण नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला घर घेतलं ते नेमकं आम्स्टल नदीजवळ, आणि मुलगा अनुप एका मित्राच्या मागोमाग तिथल्या बोट क्लबात गेला तो तिथलाच होऊन बसला. तेव्हापासून शनिवारी सकाळी पोरं पाण्यात, कोच काठावरच्या सायकलवर आणि कोचच्या मागे दुसऱ्या सायकलवर रविराज. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी हाकललंही नाही.

अनुप अठराचा झाला. इंजिनिअरिंग करायचं नक्की होतं आणि वल्हं सोडायचं नाही हेही नक्की होतं. प्रश्न एवढाच, की कुठे? अशातच अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचने त्याचा व्हिडिओ पाहून कॉल केला. "तुझ्यासारखाच मुलगा आम्ही शोधत होतो," तो म्हणाला. "येताक्षणी पहिल्या, आमच्या सगळ्यात तगड्या बोटीत बसशील." रविराज शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता. त्याला हवेत तरंगल्यासारखं झालं. त्याच दिवशी त्याने खडकीला फोन लावला.

"बोट चालवायला कॉलेज?" त्याचे वडील बबनराव म्हणाले. "मग पोहायला काय थेट युनिव्हर्सिटी लागते का रे?"

तरी बातमी गल्लीभर पोचली. आई गयाबाईंनी तर समोरच्या दुकानदाराला 'नातू अमेरिकेत बोटीवर लागला' असंच सांगून टाकलं.

रविराजची बायको पूर्णिमा लायडनच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही, हा तिचा घरातलाही शिरस्ता. "अमेरिका आपण फक्त स्क्रीनवर पाहिलीय," ती म्हणाली. "डेल्फ्टचं इंजिनिअरिंग कॉलेज इथे हाकेच्या अंतरावर आहे. एकदा जाऊन तर बघू."

अनुपने डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांच्या रोइंग क्लबला मेल केला. उलट निरोप आला, की शनिवारी या, आमच्या एकाला ताप आलाय, त्याच्या जागी बसून बघ.

शनिवारी तिघंही डेल्फ्टला गेले. तिथली पोरं माडासारखी उंच. त्यांच्या ओळीत उभा राहिलेला अनुप रविराजला एकदम लहान वाटला. वाउटर नावाच्या कोचने अनुपला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ सांगितलं, "पहिल्या बोटीत तू बसणार नाहीस. तेवढी उंची नाही तुझी. पण हलक्या वजनाच्या पोरांची आमची आठ जणांची बोट आहे. वर्षभर घाम गाळलास, तर तिथे जागा मिळेल."

रविराजचा चेहराच पडला. तिकडे पायघड्या घालताहेत आणि हा पोराला दारातच मापतोय!

बोट कालव्यात उतरली. रविराजने क्लबमधली एक सायकल मागून घेतली आणि सवयीने तो वाउटरच्या मागे निघाला. सायकल डच माणसाच्या मापाची, पाय कसेबसे पॅडलला पोचत होते. सुरुवातीला बोट डुगडुगत होती. मग आठही वल्ही एकदम पाण्यात जाऊ लागली, एकदम बाहेर येऊ लागली. बोट कापड फाडत जावी तशी पाणी कापत निघाली. रविराज भान हरपून तिकडे बघत राहिला. रस्ता वळला, रविराज वळला नाही. सायकलसकट तो शेजारच्या शेताच्या चरात गेला.

पाणी कमरेएवढंच होतं, पण वर हिरवं शेवाळ. "पप्पा!" अनुप ओरडला. बोट थांबली. वाउटरने रविराजला दंडाला धरून वर ओढलं, आणि तो धड आहे हे दिसल्यावर आख्ख्या बोटीला हसू आवरेना.

क्लबमध्ये त्याला कोरडे कपडे मिळाले. बाह्या हाताबाहेर लोंबणारा ट्रॅकसूट, आणि पुढ्यात वाटाण्याचं दाट गरम सूप. एका उंच पोराने त्याचा चष्मा पुसून दिला. "मीही तिथेच पडलोय," तो म्हणाला. तो तिसऱ्या बोटीतला होता.

अनुपने त्याला विचारलं, "तुम्ही शर्यती जिंकता?"

"क्वचित."

"मग रोज का येतोस?"

पोराने जरा विचार केला. "भल्या पहाटे बाकीचे सात जण वाट बघत उभे असतात. न येऊन कसं चालेल?"

परतीच्या ट्रेनमध्ये रविराज तोच ट्रॅकसूट घालून बसला होता. "अमेरिकाच बरी," तो म्हणाला. "तिथे निदान मान तरी आहे."

अनुपला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर नेहमी डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. या वेळी तो शब्द शोधत शोधत मराठीत बोलला. "पप्पा, वाउटर खोटं नाही बोलला. तो अमेरिकेचा कोच... त्याने मला समोर बघितलंच नाही. आणि आज बोट... बोट छान चालली ना?"

रविराजने ट्रॅकसूटच्या लोंबत्या बाह्या वर सारल्या. बोट छान चालली होती हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? अमेरिका हवी होती ती पोराला की आपल्याला, असं त्याच्या मनात आलं आणि तो ओशाळला.

"पण मी पडलो तर त्या पोरांना आनंद झाला," तो पुटपुटला.

"मला पण झाला," अनुप म्हणाला. पूर्णिमा हसता हसता सीटवर आडवी झाली.

डेल्फ्ट ठरलं. खडकीला सांगायचं काम तेवढं उरलं होतं. "जय भीम, बाबा," म्हणून रविराजने चाचरत सुरुवात केली, तोच गयाबाईंनी फोन हिसकावला.

"घरापासून किती लांब रे?"

"तास-दीड तास."

"म्हणजे रविवारी जेवायला घरी येईल! मग झालं तर. दुकानदाराचं मी बघते."

पुढच्या वसंतात अनुपच्या हलक्या वजनाच्या बोटीची पहिली मोठी शर्यत होती. काठावर ही गर्दी! शेवटच्या टप्प्यात अनुपची बोट शेवटून दुसरी होती आणि पुढची बोट हातभर अंतरावर. रविराजला राहवलं नाही. "हाण! हाण रे अनुप, हाण!"

शेजारच्या डच आजींनी विचारलं, "काय म्हणताय तुम्ही?"

"म्हणजे... जोरात मारा!"

आजींचा नातू त्याच बोटीत होता. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या खणखणीत आवाजात, अनुनासिक डच हेल काढत ओरडल्या, "हाऽऽन!"