शेकाट्याचं पिल्लू

भर मे महिन्यात भिगवणला निघालो तेव्हा मित्रांनी वेड्यात काढलं. फ्लेमिंगो केव्हाच परतले, आता तिथे ऊन खायला जातोस का, म्हणाले. पण मला इथेच जन्मणारी पिल्लं बघायची होती.

एसटीतून उतरून रिक्षाने उजनीच्या फुगवट्यावर (धरणामागे साठलेलं पाणी) पोचलो. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक मका पेरतात. पाणी लांब गेलं की मोटार आणि पाइपही त्याच्यामागे न्यावे लागतात. सुमनआक्का आणि त्यांचे यजमान तात्या खांद्यावर पाइप घेऊन तेच करत होते.

डोक्यावर शेकाट्यांची (लांब लाल पायांचे पाणपक्षी) जोडी कलकलाट करत होती. त्यातला एक माझ्यापुढे उतरून पंख मोडल्याचं सोंग करू लागला. मी लगेच फसलो आणि त्याच्यामागे निघालो.

"अवो पावणं, थांबा! पायाखाली बघा!" आक्का ओरडल्या.

म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात मूठभर पिल्लू मान टाकून निपचित बसलं होतं. पाइप नेमका तिथूनच न्यायचा होता.

"उचलून बाजूला ठेवू?"

"नगं. त्याचं त्याला उठू द्या."

"लाइट आलीया, मका करपायला लागलाय," तात्या कुरकुरले. पण तेही चार पावलं मागे सरकले.

आई खाली उतरली, हळूच बोलली. पिल्लू उठलं. पाय इतके लांब की ते कुणा दुसऱ्याचे असावेत. पडलं, उठलं, पुन्हा पडलं. शेवटी गवताशी पोचून ते आईच्या पोटाखाली शिरलं.

"चला, सायबांची सवारी गेली," म्हणत तात्याच आधी हसले.

मोटार सुरू झाल्यावर खोपीत आक्कांनी भाकरी आणि तळलेली चिलापी (धरणातला मासा) वाढली. मका वाळत असताना एवढं कशाला थांबलात, मी विचारलं. त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

"आमचं जुनं गाव तितं खाली हाय. धरण झालं तवा मी आयच्या काखंत होते. उठा म्हनले, उठलो." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. "कुनाला जागंवरनं उठवायचं, तर जरा दमानं उठवावं."

परतीच्या एसटीतून ते पाणी बराच वेळ दिसत होतं. आईच्या काखेतून मागे वळून बघणारी तेवढीशी सुमन मला दिसत राहिली, आणि भिगवण मागे पडलं तरी डोळे कोरडे होईनात.