म्हैस आटली आन् गेणबाची खुर्ची गेली

...तर कागद आला मंगळवारी, आन् त्यो वाचून दाखवला त्याच्या सुनंनं, धनश्रीनं. न्हाई, थांब प्रगती, तसं लिहू नगंस. आधी माणूस कोण ते सांगू, मंग कागद.

गेणबा म्हंजी आपल्या नदीकाठच्या वस्तीवरचा. वडगाव रासाईकडनं येताना डाव्या अंगाला बाभळीखाली घर हाय, त्यो. त्याच्या बापाकडं मेंढरं हुती, दिवाळी झाली की कोकणात उतरायची. गेणबानं मेंढरं इकली, दोन एकर बागायत केली, दारात म्हैस बांधली. पर मेंढरामागं फिरून माणसाला इचारायची खोड लागती. हे पाणी कुठलं, ह्या गवताला काय म्हणता, तुमच्याकडं पाऊस कवा. ती खोड काय गेली न्हाई. दूध संस्थेत फॅटची मशीन आली, तवा सगळी दूध घालून घरी जायची, ह्यो गडी मशीनीपाशी उभा.

"ज्योतिबा, हिला कसं रं कळतं दुधात लोणी किती ते?"

ज्योतिबा म्हंजी संस्थेचा सेक्रेटरी. त्याला बी ठावं नसायचं. त्यो म्हणायचा, "मामा, मला पगार बटन दाबायचा हाय, उत्तरं द्यायचा न्हाई."

लोकांनी म्हणूनच त्याला संचालक म्हणून निवडून दिलं. आपल्याला इचाराया लाज वाटती, ह्याला वाटत न्हाई. चेअरमन भिमाजी आप्पा. माणूस वाईट न्हाई, पर त्यांना बैठक अर्ध्या तासात उरकायची सवय, आन् गेणबा आला की दोन तास.

आता बैठकीचं कसं कळवायचं, तर एक वही असायची. ज्योतिबा ती सकाळी दुधाच्या काट्याशेजारी ठेवायचा. संचालक किटली घिऊन आला की दूध मापायचं, वहीत तारीख बघायची, सही करायची. वर्सानुवर्सं तसंच चाललेलं. आखाडात गेणबाची म्हैस आटली. दूध न्हाई, मंग डेरीत जायचं कशाला? तीन महिनं त्यो तिकडं फिरकला न्हाई, आन् तीन बैठका झाल्या.

कागदात तेच हुतं. सलग तीन बैठकांना गैरहजर, सबब संचालकपद रद्द. सगळ्यांनी हात वर केलं हुतं. खालच्या आळीची सविता, ती बी संचालक, तिनं बी केला.

त्याची बायको रतनबाई म्हणली, "बरं झालं. आता घरातल्यास्नी इचारत बसा, म्हैस कवा व्यायची ते."

पर गेणबाला भाकर गोड लागंना. खुर्चीचं जाऊ दे. गावात काय म्हणत्याल, काढला म्हंजी कायतरी खाल्लं असंल. पारावर एकजण तसं बोलला बी. आन् त्याला एक कळतच नव्हतं. "मेंढरू इकताना गिऱ्हाईक त्याचं दात बघतंय. ह्यांनी माझं तोंड बी बघितलं न्हाई?"

म्हणून त्यो एसटीनं शिरूरला गेला, सहकार खात्याच्या कचेरीत. तिथल्या क्लार्कनं कागद बघून इचारलं, "तुम्हाला नोटीस दिली? बाजू मांडायला बोलावलं?"

"बाजू मांडायची म्हंजी काय, साहेब?"

"तुमच्यावर ठपका काय, ते आधी कागदावर सांगायचं. तयारीला दिवस द्यायचे. मग तुमचं ऐकायचं. त्याशिवाय निवडून आलेल्या माणसाला परस्पर काढत नाहीत."

"आन् मी खरंच चुकलो असलो तर?"

"तरी ऐकायचं."

माघारी येताना न्हावऱ्यापर्यंत गेणबा एसटीत ह्याच इचारात. चुकलेल्याचं बी ऐकायचं? मंग ऐकून काय बदलतं? त्याला ते बघायचंच हुतं.

धनश्रीनं अर्ज लिहिला. महिन्याभरानं सुनावणीला समद्यांना बोलावणं आलं. सहकार खात्याच्या मोठ्या मॅडम खुर्चीत, समोर भिमाजी आप्पा, ज्योतिबा वही घिऊन. मॅडमनी पानं उलटली. सगळ्यांच्या सह्या, गेणबाची जागा तिन्ही बारीला कोरी.

ज्योतिबा म्हणला, "मॅडम, सह्या दूध घालताना घेतो. ह्यांची म्हैस आटली, हे आलंच न्हाईत."

"म्हणजे म्हैस आटली म्हणून संचालक कमी झाला?"

क्लार्क तोंड फिरवून हसला. भिमाजी आप्पा जमिनीकडं बघाया लागलं. तिथंच गप बसला असता तर जिंकला हुता गेणबा. पर त्यो उभा ऱ्हायला.

"बाई, एका बैठकीचं मला ठावं हुतं. भादव्यातलं. सविता रस्त्यात बोलली हुती."

आप्पांनी मान वर केली. मॅडम म्हणल्या, "मग का नाही गेलात?"

"रिकाम्या हातानं डेरीत कसं जायचं? दूध न घालणाऱ्यानं तिथं बसून बोलावं, असं मला वाटंना. पाय उचलला न्हाई."

मंग भिमाजी आप्पाच हळू म्हणलं, "आम्हाला बी तसंच वाटलं, मॅडम. दूध न्हाई, मंग ह्यो कशाला येतोय."

"त्यांना मतं माणसांनी दिली, म्हशीनं नाही," मॅडम म्हणल्या. "दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि एकमेकांना विचारलं कुणीच नाही."

पुढं आदेश आला. पद कायम. बैठकीचा कागद घरी पोचवायचा. आन् गेणबाला बी एक ओळ, माहीत असताना गैरहजर ऱ्हायचं न्हाई. ती ओळ त्यानं धनश्रीकडनं दोनदा वाचून घेतली. ऐकून काय बदलतं ते त्याला तवा कळलं. त्याची चूक तेवढीच ऱ्हायली, जेवढी हुती.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. सविताचा नवरा कंपनीत लागला, त्यांनी गाई इकल्या, बिऱ्हाड कारेगावला नेलं. ती बैठकीला येईना. एकजण म्हणला, नाव कमी करा तिचं. पाचजणांचं हात वर. गेणबानं मांडीखाली हात दाबून इचारलं, "तिला इचारलं का?"

"मामा, तिनं तुमच्या बारीला हात वर केला हुता."

"म्हणून काय तिला बोलायचं न्हाई व्हय?"

कागद धाडला, पर तिचा पत्ता कुणाला नीट ठावं न्हाई, कागद माघारी आला. म्हणून हे वाचणाऱ्यांत कारेगावचं कुणी असंल, तर तेवढं सविताला सांगा. ऱ्हायचं का सोडायचं ते तुझ्या तोंडानं सांग म्हणावं. रिकाम्या हातानं आलीस तरी चालंल, पर पुढच्या बैठकीला ये. तवर गेणबा तिचं नाव खोडू देत न्हाई.