आडवं कुणी येत नाही

धर्मपाल तळभंडारे तसा सरळ माणूस, पण एका बाबतीत पक्का लबाड. तीसेक वर्षं एसटी चालवलेला हा ड्रायव्हर रिटायर झाल्यापासून कुठल्याच गाडीच्या स्टेअरिंगला हात लावत नव्हता, आणि न लावण्यासाठी त्याच्याकडं रोज नवी सबब तयार असायची. "मोठ्या गाडीचा हात लहान गाडीत बसत न्हाय." "आज गुडघा धरलाय." "आता बसून जायाचं दिवस आलं माझं." लेक चैताली विम्याच्या ऑफिसात नोकरीला. तिनं जुनी लाल गाडी घेतली तेव्हा यानं गल्लीभर पेढे वाटले, गाडी पुन्हा पुन्हा पुसली, चाकांतली हवा बघितली, आणि किल्ली तिच्या हातात देऊन स्वतः मुकाट्यानं डावीकडं जाऊन बसला.

बायको चांगुणा हे सगळं बघायची आणि बघून न बघितल्यासारखं करायची. तिच्या तोंडाला तसं कधी कुलूप नसे, पण या विषयावर ती गप्प होती.

खरं कारण असं, की रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिली असताना, दिवस कलायच्या वेळी, अक्कलकोट रोडला एक म्हातारी धर्मपालच्या गाडीसमोर आली. म्हणजे ती आपली रस्ता ओलांडत होती. याला ती दिसली ती अगदी काचेपुढं आल्यावर. ब्रेक लागला, गाडी थांबली, म्हातारी आणि गाडी यांच्यात हातभर जागा राहिली. झालं काहीच नाही. म्हातारीनं काठी उगारून "डोळं फुटलं का रं तुजं, मुडद्या?" म्हणून विचारलं आणि ती रस्त्यापलीकडं निघून गेली. मागून कंडक्टर शिवलिंगप्पानं डबल बेल दिली. गाडी हलली नाही. त्यानं परत दिली. तरी हलली नाही. शेवटी तो पुढं आला आणि त्यानं धर्मपालच्या खांद्यावर हात ठेवला. शिवलिंगप्पा मैंदर्गीचा, जीव घाबरा झाला की तो कानडीवर यायचा. "होगोण, धर्मपाल, होगोण," तो हळूच म्हणाला. चल, जाऊ या.

धर्मपालनं त्या दिवशी सगळ्यांना सुखरूप सोलापुरात आणलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत चढवेना. म्हातारीचं म्हणणं खरंच निघालं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं. नजर परत आली, पण स्टेअरिंग दिसलं की हात कापायला लागायचे. उरलेली नोकरी त्यानं डेपोतल्या टायरांच्या खोलीत काढली. घरी सांगितलं, डॉक्टर नको म्हणालेत. डॉक्टर तसं काहीएक म्हणाले नव्हते.

आता चैतालीला नाद लागला ऑटोक्रॉसचा. तिच्या ऑफिसातला इंद्रजीत आणि त्याचे गाडीवेडे दोस्त रविवारी सकाळी होटगी रोडच्या पलीकडं, एका बंद गोदामापुढच्या सिमेंटच्या पटांगणात हा खेळ मांडायचे. रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात तसल्या नारंगी रबरी टोप्या मांडून नागमोडी वाट करायची. त्या वाटेनं एका वेळी एकच गाडी पळवायची आणि घड्याळ लावायचं. टोपी पाडली की वेळेत सेकंद वाढणार, वाट चुकली की ती फेरी बाद. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यांतली सगळ्यांत कमी वेळ धरायची. नवशिक्यांना साधी घरची गाडी चालते, डोक्याला हेल्मेट मात्र पाहिजे.

"चारचाकीत हेल्मेट?" चांगुणा म्हणाली. "मग दुचाकीवर काय, गादी बांधून बसायचं?"

पण रविवारी सगळ्यांत आधी तीच तयार झाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा, बसायला सोलापुरी चादर. जत्रेला निघाल्यासारखी ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

फेऱ्या सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी ती वाट पायी फिरून पाठ करायची असते. चैतालीबरोबर धर्मपालही हात मागं बांधून निघाला. पहिल्या वळणाला तिनं डोकं खाजवलं, तिसऱ्याला ती गोंधळली. धर्मपालनं मात्र एसटीच्या जुन्या रूटवरच्या गावांच्या हिशेबानं वाट पाठ करून टाकली. ही पहिली टोपी म्हणजे कुंभारी, इथून उजवीकडं. ह्या चार टोप्यांतून आत-बाहेर करायचं ते वळसंग. लांबडं वळण अक्कलकोटचं. आणि पार टोकाला, जिथून उलटं फिरायचं, ती मैंदर्गी.

"आन मदी कुणी आलं तर?" त्यानं विचारलं.

"कुणी येत नाही पप्पा. एका वेळी एकच गाडी."

थोडं पुढं गेल्यावर त्यानं परत विचारलं, "कुत्रं-बित्रं?"

"चारी बाजूला माणसं उभी आहेत झेंडे घेऊन. इथं आडवं कुणी येत नाही."

धर्मपाल चारी बाजूचे झेंडे बघत पुढं गेला. मैंदर्गीच्या टोपीपाशी तो उगाच थोडा वेळ उभा राहिला. चैतालीनं ते बघितलं.

तिची पहिली फेरी वळसंगलाच बुडाली. ती भलत्याच टोप्यांतून बाहेर पडली आणि हसत हसत परत आली. आणि मग इंद्रजीतनं कर्ण्यातून पुकारलं, "नवशिक्यांत पुढचे, धर्मपाल तळभंडारे!"

धर्मपालनं हातातला चहा खाली ठेवला. "माझं नाव कुणाला इचारून घातलंस?"

"कुणालाच नाही," चैताली म्हणाली.

"आन नवशिका? मी नवशिका? तुजा जन्म व्हायच्या आदीपास्नं गाडी चालवतोय मी!"

वास्तविक या गोष्टीचा राग येऊन माणसानं घरी जायचं. पण स्वाभिमान ही मोठी विचित्र चीज. तिरीमिरीत त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं आणि तो उजव्या दारानं गाडीत शिरला. शिरल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. पण तोवर चैताली शेजारी पट्टा लावून बसली होती. नवशिक्याच्या शेजारी एक माणूस बसलेला चालतो.

गाडी रेषेवर आली. इंद्रजीतनं हिरवा झेंडा हलवला.

गाडी जागची हलली नाही. झेंडा परत हलला. इंजिन चालू, गिअर पडलेला, धर्मपालची नजर समोर आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर थरथरणारे. कुणीतरी "गाडी बंद पडली काय?" म्हणून ओरडलं. इंद्रजीत खिडकीपाशी आला. "काका, सुटा की. झेंडा झालाय."

"झेंडा झाला," धर्मपाल म्हणाला, "बेल कुटं झालीय?"

इंद्रजीतला काही कळेना. चैतालीला कळलं. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय चाक हलवायचं नाही, हे त्या माणसाच्या रक्तात मुरलेलं होतं. लहानपणी पप्पांना जेवणावरून उठवायचं तर ती चमच्यानं ताट दोनदा वाजवायची. तिनं बोटातल्या अंगठीनं काचेवर वाजवलं. टिंग, टिंग. आणि कुणी न शिकवता ती म्हणाली, "चला पप्पा, जाऊ या."

गाडी सुटली.

आता सुटली म्हणजे काय, निघाली. कुंभारीला उजवीकडं वळायच्या आधी धर्मपालनं रीतसर इंडिकेटर दिला. वळसंगला चारी टोप्यांपाशी हॉर्न वाजवला. अक्कलकोटच्या वळणावर गाडी इतक्या बेतानं फिरवली, की मागं कुणाच्या मांडीवर दुधाची किटली असती तरी थेंब सांडला नसता. टोपी एकही पडली नाही. परत आल्यावर इंद्रजीत घड्याळ कानाला लावून म्हणाला, "काका, मला वाटलं हेच बंद पडलं." सगळे हसले. धर्मपालही हसला. हात अजून कापत होते, पण थोडे कमी.

"आता तू उतर," तो लेकीला म्हणाला. "मागं-शेजारी माणूस असलं की माजा पाय जड हुतो."

दुसऱ्या फेरीला तो एकटा गेला. अंगठीची बेल चैतालीनं बाहेरून दिली. आणि काय सांगावं, तीस वर्षं पन्नास-साठ माणसांचा जीव पाठीशी घेऊन बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच रिकाम्या गाडीची चव कळली. कुंभारी झपकन गेली. वळसंगला टायर जरा कुरकुरले. अक्कलकोटला त्यानं ब्रेक लावलाच नाही. मैंदर्गी जवळ आली, त्यानं स्टेअरिंग मारलं, पण अंमळ उशीर झाला. बंपरखाली धप्प आवाज झाला आणि टोपी दिसेनाशी झाली.

धर्मपालनं करकचून ब्रेक दाबला. त्याचा श्वास हेल्मेटमध्ये त्याचा त्यालाच ऐकू येत होता. इतकी वर्षं तो झोपेत जे बघत आला होता, ते आज झालं होतं. आडवं आलेलं काहीतरी गाडीखाली गेलं होतं.

फेरी चालू असताना गाडीतून उतरायचं नाही, हा तिथला पहिला नियम. धर्मपाल उतरला. लाल झेंडे हलायला लागले, इंद्रजीत कर्ण्यातून "काका, उतरू नका!" म्हणून कोकलायला लागला. याचं लक्षच नव्हतं. तो गुडघे टेकून बसला, गाडीखाली हात घालून त्यानं ती टोपी ओढून काढली. ती पार चेपून गेली होती. त्यानं ती मांडीवर घेतली, धूळ झटकली. तेवढ्यात रबर हललं, 'पक्' असा आवाज झाला, आणि टोपी होती तशी उभी राहिली.

लांबून चांगुणाचा खणखणीत आवाज आला, "अवो, रबराची हाय ती! मेली न्हाय!"

पटांगणभर हशा पिकला. धर्मपालही हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. हेल्मेटमुळं डोळे पुसता येईनात. त्यानं टोपी तिच्या जागी नीट उभी केली, तिच्या शेंड्यावर एकदा हात ठेवला आणि तो परत गाडीत बसला.

फेरी अर्थातच बाद झाली. तो चादरीवर चांगुणाशेजारी येऊन टेकला, तिनं भाकरीचा तुकडा पुढं केला, आणि तो खाली बघत सगळं बोलून गेला. म्हातारी, काठी, न हललेली गाडी, टायरांची खोली, डॉक्टरांच्या नावानं मारलेली थाप.

चांगुणानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय. शिवलिंगप्पा भावजी त्याच आठवड्यात घरी येऊन सांगून गेलते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलायची वाट बघत हुते." तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. "लई वाट बघायला लावली की."

तिसरी फेरी साधीच झाली. फार जोरात नाही, फार हळू नाही. इंडिकेटर दिला नाही, हॉर्न वाजवला नाही, सगळ्या टोप्या उभ्या राहिल्या. नवशिक्यांत धर्मपाल शेवटून दुसरा आला. शेवटून पहिली चैताली.

निघताना चैतालीनं नेहमीसारखी किल्ली खिशातून काढली, तर बापानं हात पुढं केलेला. तिनं किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली आणि ती डावीकडं जाऊन बसली. चांगुणा रिकामे डबे घेऊन मागं बसली.

रस्त्यावर रविवारची गर्दी होती. रिक्षा आडव्या येत होत्या, दुचाक्या घुसत होत्या, होटगी रोडला एक बाई पोराचा हात धरून निवांत रस्ता ओलांडत होती. धर्मपालनं लांबूनच गाडी थांबवली आणि हातानं तिला जा म्हणून खुणावलं. हात थोडा कापला. पण त्यानं गिअर टाकला आणि गाडी पुढं काढली.

सात रस्त्याच्या चौकात आल्यावर घराकडचा रस्ता सोडून त्यानं विजापूर रोड धरला.

"पप्पा, घर तिकडं राहिलं."

"हळू बोल," तो म्हणाला. "झोपलीया ती."

चैतालीनं मागं बघितलं. चांगुणा डब्यांची पिशवी मांडीवर धरून, मान खिडकीला टेकून गाढ झोपली होती. तिचं माहेर उलट्या दिशेला, करकंबला, आणि याची ड्युटी सारी अक्कलकोटकडची, त्यामुळं नवऱ्याच्या गाडीत बसायचा योग तिला कधी आलाच नव्हता. तीस वर्षं सगळा तालुका धर्मपालच्या पाठीशी बिनघोर डुलक्या काढत गेला होता. चांगुणा आज पहिल्यांदा झोपली होती.

"कंबर तलावाला वळसा घालू," धर्मपाल म्हणाला, "जागी झाली की जाऊ घरला." आणि खड्डा चुकवून त्यानं गाडी अलगद पुढं काढली.