मेधाच्या नावापुढचं डीओ

बोस्टनच्या विमानतळाबाहेर आलो तेव्हा पाय सुजले होते आणि राग ताजा होता. सांगलीत फरशीचा धंदा शून्यातून उभा केला, कुणाला फसवू दिलं नाही; फसवलं ते पोटच्या मुलीने. मेधा अमेरिकेत एमडी होतेय, असं मी गावभर सांगत होतो. निघायच्या आदल्या दिवशी बोस्टनजवळच्या श्रूजबरीत राहणाऱ्या दिलीपदादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा फोन आला. "अरे, ती डीओ आहे. ऑस्टिओपॅथिक. एमडीला नंबर लागला नाही की तिकडे जातात." दादा निवृत्त सर्जन. आता गावात तोंड कसं दाखवायचं?

मेधा ड्राइव्ह करत होती. रस्त्याकडेला मळका बर्फ.

"मसाज करता म्हणे तुम्ही?"

"हातानेही उपचार करतो, बाबा. बाकी औषधं, ऑपरेशन, सगळं एमडीसारखंच. चार वर्षं मेडिकल कॉलेज, आमची वेगळी तीन टप्प्यांची परीक्षा, रेसिडेन्सी (रुग्णालयात काम करत घेतलेलं प्रशिक्षण). मग राज्याचं बोर्ड लायसन्स देतं. माझं आता तिथेच अडकलंय."

"बोर्डात कुणाशी बोलून बघू?"

"प्लीज, कुणाशीही बोलू नका."

जेवायला दादाकडेच गेलो. वहिनींनी टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) भाजून भरल्या वांग्यांबरोबर वाढल्या. चावताना जबडा दुखला.

"काय मेधाबाई, हाडं बसवता की नाही?" दादा हसला.

भडकलो मी मेधावरच. "जरा ताणून धरायचं होतंस! एमडीवाल्यांची परीक्षा दिली असतीस, तर कोण बोललं असतं?"

तिने चमचा ठेवला. "दिली ना. कंपल्सरी नव्हती. आमची आणि त्यांची, दोन्ही दिल्या. दोन्ही पास झाले."

"दोन-दोन कशाला?"

"तुमच्यासारख्यांसाठी, काका," ती दादाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुमच्यासाठी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आधीच पेढे वाटून मोकळे झाला होतात."

दादाने मान खाली घालून आमटी वाढून घेतली.

मी निघायच्या आधी तिचं लायसन्स मंजूर झालं. विमानात शेजारी साताऱ्याचे एक गृहस्थ होते. "मुलगी एमडी?"

"डीओ."

"म्हणजे फिजिओ?"

मी सगळं समजावलं. सांगलीत व्याह्यांना, दुकानातल्या गिऱ्हाइकांना, डेअरीवाल्याला पुन्हा तेच. कॉलेज, परीक्षा, रेसिडेन्सी, बोर्ड. प्रत्येक जण शेवटी विचारतो, "पण खरी डॉक्टर ना?"

आठवड्याभरात माझा घसा बसला. मेधा हे रोज सांगते, समोरच्या आजारी माणसाला, हसून.