पोत्यावर बसले

शेठनं माझ्या नवऱ्याला काठीनं वळवलं. हात लावला तर विटाळ होतो, म्हणून काठी. आधी हनुवटीखाली लावून मान वर केली. मग खांद्याला टोचून पाठ आपल्याकडे करून घेतली. सदरा काढायला मुनिमानं आधीच सांगितलं होतं. भर उन्हात अंगणात माझा नवरा उघडा उभा, ओसरीवर शेठ आणि मुनीम, आणि वर माडीतून घरातल्या बाया बघत होत्या.

"पाठ ठीक आहे," शेठ मुनिमाला म्हणाला. नवऱ्याशी तो एक अक्षर बोलला नव्हता.

मी लांब, नालीच्या कडेला उभी होते. आमची उभं राहायची जागा तीच. शेठ पाठ बघत होता आणि दुखणं कुठं आहे ते मला माहीत होतं. जांघेत. धोतराच्या आत. सकाळी मीच जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिथली गाठ आत दाबून घट्ट बांधून दिली होती.

आम्ही महार. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. परतूरच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, नवरा हमाल होता आणि मी कापूस निवडायला जायची. जिनाच्या मागं हमालांच्या खोल्या होत्या. भाडं नव्हतं, अट होती. पोती उचलतोस तोवर राहा. उचलणं थांबलं की सामान बाहेर. शेजारचा म्हातारा हमाल कमरेतून गेला, तर त्याची भांडी संध्याकाळच्या आत रस्त्यावर आली. त्यातला तांब्या मीच उचलून त्याच्या हातात दिला होता.

मग नवऱ्याच्या जांघेत गाठ आली. आधी लिंबाएवढी, वर्षभरात पेरूएवढी. निजला की आत जायची, ओझं घेतलं की बाहेर यायची. जालन्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाला, आतडं खाली उतरलंय. ऑपरेशन करावं लागेल, महिनाभर पडून राहावं लागेल, आणि पुढं जन्मभर जड काही उचलायचं नाही. मी विचारलं, तोवर? तोवरही नाही, म्हणाला. एखाद्या वेळी ते आतडं तिथंच अडकेल, आणि मग माणूस दुसरा दिवस बघत नाही.

खर्चाचा आकडा ऐकून आम्ही तसेच परत आलो. पण खर्चापेक्षा मोठी भीती खोलीची होती. ऑपरेशन केलं की हमाली जाणार, हमाली गेली की खोली जाणार. टाके घातलेला माणूस आणि दोन पोरी घेऊन मी कुठं जाऊ? म्हणून आम्ही ठरवलं, आधी घर, मग ऑपरेशन. तसं ठरवल्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

स्टेशनच्या रस्त्याला एका शिंपी चाचाचं दोन खोल्यांचं मातीचं घर होतं. चाचा लेकीकडे औरंगाबादला चालला होता, म्हणून ते विकत होता. आमच्या जातीचं त्याला काही पडलेलं नव्हतं. दवाखान्यासाठी जमवलेलं सगळं आणि माझे चांदीचे गोठ विकून आलेलं, असं त्याच्या हातावर विसार म्हणून ठेवलं. बाकीचं सावकारी करणारा हा शेठ देणार होता, आणि फिटेपर्यंत घर शेठकडे गहाण राहणार होतं. पण मुनिमानं सांगून ठेवलं होतं की शेठ आधी माणूस बघतो. घर कुठं पळून जात नाही, पण हप्ता हमालाच्या पाठीतूनच येतो.

मुनिमानं आज या, उद्या या करत दोन महिने घालवले. ते दोन महिने मी नीट जेवले नाही. सोबतचे हमाल नवऱ्याच्या वाटची जड पोती गुपचूप आपल्या पाठीवर घ्यायचे आणि त्याला कापसाची हलकी गाठोडी द्यायचे. मुकादमाच्या ध्यानात आलं असतं तर सगळ्यांवर गदा आली असती. दुपारी जिनात कुणी जोरात ओरडलं की मी हातातला कापूस टाकून तिकडं बघायची. वाटायचं, पडला. पोरींना मी पढवलं होतं, कुणी विचारलं तर म्हणायचं, बापाला काही झालेलं नाही. धाकटी चार वर्षांची. तिला पहिलं खोटं मीच शिकवलं.

तर त्या दिवशी अंगणात शेठनं काठी बाजूला ठेवली. मला वाटलं, सुटलो. आता कागद येईल, अंगठा उठेल. तेवढ्यात त्यानं गोठ्याकडं बोट केलं.

"ते सरकीचं पोतं घे. फाटकापर्यंत जाऊन ये."

गच्च भरलेलं पोतं. नवऱ्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि चालायला लागला. त्याचं पाऊल फाकत पडत होतं. पट्टी सैल झाली होती. मला डॉक्टरचं बोलणं ऐकू यायला लागलं आणि दुसरं काहीच ऐकू येईना.

मी काही ठरवलं नाही. नालीच्या कडेवरून निघाले, अंगण ओलांडलं आणि त्याच्या आधी जाऊन पोत्यावर बसले.

"आजारी हाय तो," मी म्हणाले. "आतडं उतरलंय त्याचं. हे पोतं तो न्हाई उचलणार."

माडीवरून एक बाई म्हणाली, गायीची सरकी बाटवली हिनं. मुनीम धावत आला, पण मला धरून उठवता येईना त्याला. हात कसा लावणार? तो लांबूनच म्हणत राहिला, ऊठ, पोतं बाटलं, ऊठ.

मी खाली पोत्याकडं बघितलं. हे पोतं जिनातून कुणी आणलं होतं? आमच्याच माणसांनी. माझ्या नवऱ्यानंही आणलं असेल. त्यांच्या उघड्या पाठीचा घाम पीत पीत ते इथवर आलं होतं. गायी खुशाल खात होत्या. आमच्या पाठीवर होतं तोवर पोतं चांगलं होतं. मी त्यावर बसले आणि ते बाटलं. इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं हे. मला दिसलंच नव्हतं. भीती तेवढीच होती, पण आता तिच्यात राग मिसळला.

नवरा हळूच म्हणाला, "ऊठ. मारून टाकतील."

"तुम्ही आधी सदरा घाला," मी म्हणाले.

त्यानं सदरा घातला. गुंड्या लावल्या. मगच मी उठले. फाटकापर्यंत जाताना शेठची काठी माझ्या पाठीत दोनदा बसली. काठीला विटाळ होत नव्हता.

कर्ज गेलं. चाचाकडं जाऊन विसार परत मागितला. त्यानं निम्मा दिला आणि मान खाली घालून म्हणाला, "बेटी, बाकी खर्च हो गये." खरं असावं. तेवढ्यात आणि हमालांनी घातलेल्या भरीत जालन्याला ऑपरेशन झालं. नवरा तिथं खाटेवर असतानाच इथं आमची भांडी रस्त्यावर आली. मी ती भरत होते तेव्हा मुनीम आला. शेठ मोठ्या मनाचा आहे म्हणाला. पोत्याचे पैसे भर, अंगणात येऊन नाक घास, घराचं अजून जमेल. मग माझ्याकडं खालून वर बघत म्हणाला, "नवरा कामातून गेला. पण तू धट्टीकट्टी आहेस. शेठला एकदा दाखव."

पोरी माझ्या लुगड्याला धरून उभ्या होत्या. डोक्यावर छप्पर नव्हतं, आणि रात्री कुठं निजायचं ते मला माहीत नव्हतं.

"शेठला सांगा," मी म्हणाले, "पाठ कामाला मिळल. बघायला न्हाई मिळणार."

तो गेल्यावर मी उरलेली भांडी भरली. भीती त्या दिवशी गेली नाही, पुढंही कधी गेली नाही. मला त्याचं काही वाटत नाही. भीत भीतच मी पोरींना जवळ घेतलं आणि सांगितलं, आजपासून खोटं बोलायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, बाप आजारी आहे. आणि कुणीही सांगितलं, कशासाठीही सांगितलं, तरी सदरा काढायचा नाही.